युद्धकैद्याची विचारपूस : मार, माहिती आणि रात्रीची गिनती

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तू नागपुरात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, एनसीसी केलंस, पुढे लष्कराच्या विधी शाखेत जायचं मनात आहे. मित्रांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, युद्धात शत्रूचा माणूस हाती लागला आणि त्याला काही ठाऊक असलं, तर चार ठेवून दिल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. युद्धात कैद्यांशी कसं वागायचं ते ठरवणारे जिनिव्हा करार म्हणजे शांततेच्या काळातल्या गप्पा. तुला ते पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर देता येईना. शेवटी तू विचारलंस, इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकी पहारेकऱ्यांनी कैद्यांचा छळ केला, ते पाच-सात नासक्या शिपायांचं काम की वरचा हुकूम? मला ‘काका’ म्हटलंस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी कोणत्या अनुभवावरून बोलतोय ते सांगतो. १९७१च्या युद्धानंतर, नुकताच सेकंड लेफ्टनंट झालेला असताना, काही महिने एका युद्धकैदी छावणीच्या पहाऱ्यावर होतो. पुढे वकिली शिकलो, विधी शाखेत गेलो, आणि निवृत्तीपूर्वी काही काळ इथे कामठीला लष्करी कायदा शिकवला. हेरखात्यात मी कधीच नव्हतो. त्यामुळे विचारपूस करणाऱ्यांचं काम मी शेजारच्या खोलीतून पाहिलं आहे, कैदी सांभाळण्याचं काम मात्र स्वतः केलं आहे.

‘मारलं तर बोलतो का?’ हा तुमच्या वादाचा प्रश्न. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न निराळा आहे : कैदी कुणाच्या ताब्यात आहे, ते कुठे लिहिलंय, आणि रात्री दोन वाजता त्याला जबाबदार कोण? याचं उत्तर धड असेल तर मारहाणीचा प्रसंग सहसा येत नाही. ते ढिलं असेल तर कायदा कितीही चांगला असो, छावणी सडते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. दोन देशांच्या युद्धात पकडलेला गणवेशातला सैनिक हा युद्धकैदी. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार त्याला लागू होतो, आणि आपल्याकडे त्यासाठी १९६०चा जिनिव्हा करार अधिनियम आहे. माणूस नेमका कोण, अशी शंका आली तर कलम ५ सांगतं की सक्षम न्यायाधिकरण ठरवेपर्यंत त्याला युद्धकैद्यासारखंच वागवायचं. शंकेचा फायदा कैद्याला. देशांतर्गत सशस्त्र संघर्ष असेल तर युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही, पण १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत सारखंच असलेलं कलम ३ खालची पातळी आखून देतं : जिवाला धोका नाही, छळ नाही, अपमान नाही. आणि आपल्याच देशातल्या अशांत भागात लष्कराने कुणाला पकडलं, तर सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याच्या (अफ्स्पा) कलम ५प्रमाणे त्याला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करायचं असतं. तिथे लष्कराचा तुरुंग हा विषयच नाही. तुझे मित्र हे तिन्ही प्रकार एकाच पातेल्यात ढवळत असणार. बहुतेक जण ढवळतात.

युद्धकैद्याबाबतचा एक गैरसमज मी वर्गात दरवर्षी पुसायचो. लोकांना वाटतं, त्याला नाव-गाव सोडून काही विचारताच येत नाही. तसं कुठेही लिहिलेलं नाही. विचारायला बंदी नाही, काहीही विचार. सांगण्याचं बंधन मात्र त्याच्यावर चारच गोष्टींचं : नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक. बाकीच्यावर तो गप्प राहिला तर त्याला धमकावता येत नाही, अपमान करता येत नाही, त्याची कसलीही गैरसोय करता येत नाही. कलम १७ हे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगतं. विचारपूस त्याला समजणाऱ्या भाषेत व्हायला हवी, हेही त्याच कलमात आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात असताना पुढच्या प्रश्नांना ‘हे मी सांगणं अपेक्षित नाही’ अशा अर्थाचं उत्तर देत होते, ते तू पाहिलं असशील. ते नुसतं धाडस नव्हतं, प्रशिक्षण होतं. आणि ते दृश्य तुझ्या-माझ्या मोबाइलवर पोचलं हाच मुळात कराराचा भंग : कलम १३ म्हणतं, कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून जपा. आपल्या हाती त्यांचा माणूस लागला आणि कुणी मोबाइल काढला, तर हेच कलम आपल्यालाही लागू. त्या वेळी इथल्या पानठेल्यावर हे सांगायला गेलो, तर दोघं माझ्यावरच उखडले.

आता १९७१. ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० लोक आपल्या ताब्यात आले. बहुसंख्य सैनिक व निमलष्करी, काही नागरी अधिकारी आणि कुटुंबंही. शरण आलेले पाकिस्तानी सेनापती जनरल नियाझी जबलपूरला होते, म्हणजे इथून एका रात्रीच्या प्रवासावर. ऑगस्ट १९७३च्या दिल्ली करारानंतर परत पाठवणी सुरू झाली आणि एप्रिल १९७४मध्ये संपली. इतक्या माणसांना दोन वर्षांहून जास्त काळ खाऊ घालायचं, मोजायचं, आजारी पडली तर दवाखान्यात न्यायचं, त्यांची पत्रं पाठवायची. ते काम लढाईपेक्षा कंटाळवाणं असतं आणि माझ्या मते जास्त अवघड.

करार या बाबतीत फार बारकाईने लिहिलेला आहे. कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यायची. पकडल्यावर, किंवा छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत त्याचं कार्ड घरी आणि रेड क्रॉसच्या यंत्रणेकडे जायला हवं. पगारातून उचल द्यायची, आणि ती स्विस फ्रँकमध्ये ठरवलेली : साध्या शिपायाला महिना ८, जनरलला ७५. कराराची प्रत कैद्यांच्या भाषेत, त्यांना वाचता येईल अशा जागी लावायची. पकडलेल्या अधिकाऱ्याने आपल्याहून वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यालाच सलाम करायचा, पण छावणीप्रमुखाला मात्र हुद्दा कोणताही असो. तरुण असताना मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. ज्यांच्याशी काल गोळीबार चालला होता, त्यांच्या सलामाचे नियम!

मग एक रात्र अशी आली की हसू गेलं.

उन्हाळा होता. रात्रीच्या गिनतीत एक माणूस कमी भरला. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. ड्यूटी अफसर मी. आमचे एक हवालदार होते, अनुभवी, सगळ्यांचे आवडते. ते म्हणाले, “साब, आप चाय पियो, मैं पता करता हूँ.” मी चहा प्यायला गेलो. कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. त्यांनी त्या बराकीतल्या दोघांना बाहेर काढलं, मुर्गा बनवलं, काठीने बदडलं. पंधरा मिनिटांत ‘माहिती’ मिळाली : तो नाल्याच्या बाजूने तारेखालून निसटला. दोघांनी वेगवेगळं विचारल्यावर एकच सांगितलं, म्हणून आमचा विश्वास बसला. पुढचे चार तास आम्ही टॉर्च घेऊन नाला उपसत होतो, आसपासच्या दोन वस्त्यांची झोपमोड केली, वर निरोप गेला.

पहाटे कळलं, तो माणूस दवाखान्याच्या तंबूत सलाइन लावून पडला होता. संध्याकाळी उलट्या होत होत्या म्हणून डॉक्टरांनी नेलं होतं. दवाखान्याच्या वहीत नोंद होती, बराकीच्या वहीत ती चढवायची राहून गेली होती.

मग त्या दोघांनी नाला का सांगितला? छावणीतून निसटायचं तर नाला हीच एक जागा, हे सगळ्यांनाच दिसत होतं. आम्हाला काय ऐकायचंय ते त्यांनी ओळखलं. मार थांबावा म्हणून माणूस समोरच्याच्या मनातलं उत्तर शोधतो. दोघांनी ते वेगवेगळं शोधलं आणि एकच सापडलं. तू वकील होणार आहेस म्हणून मुद्दाम सांगतो, दोन जबाब जुळले म्हणजे खरे ठरले, या समजुतीला त्या रात्री मी कायमचा रामराम केला. हवालदारांना ताकीद मिळाली. मला फक्त समज दिली गेली. माझी चूक मोठी होती, तिचं नाव मात्र लहान ठेवलं गेलं.

हीच गोष्ट देशांच्या पातळीवर घडली तर काय होतं, त्याचं उदाहरण इब्न अल-शेख अल-लिबी. २००१च्या अखेरीस अल-कायदाचा म्हणून पकडलेला हा माणूस अमेरिकेने इजिप्तच्या हवाली केला. तिथल्या छळात त्याने सांगितलं की इराकने अल-कायदाला रासायनिक आणि जैविक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी २००३मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्ध बाजू मांडली, त्यात हा दावा होता. पुढे अल-लिबीने तो मागे घेतला आणि सीआयएला त्यावर आधारलेले अहवाल रद्दबातल धरावे लागले. तोपर्यंत युद्ध होऊन गेलं होतं. आमचा निदान नालाच उपसून झाला.

मग माहिती काढतात कशी? मी शेजारच्या खोलीतून जे पाहिलं त्यातला सगळ्यात चांगला माणूस आवाजच चढवत नसे. उर्दू उत्तम, समोरच्याच्या तालुक्याची माहिती पक्की, आणि खोलीत जाण्याआधी तीन तास कागद वाचायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ यासाठी प्रसिद्ध होता. पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांची तो चौकशी करी. हात उगारत नसे. फिरायला नेई, गप्पा मारी, आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे असं भासवी. कैदी नकळत त्याच्या चुका दुरुस्त करत आणि तेवढ्यात त्याचं काम होई. (युद्धानंतर तो अमेरिकेतच स्थायिक झाला आणि मोझेक करू लागला. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाच्या किल्ल्यात त्याचं काम आहे. ज्यांची चौकशी केली त्यांच्याच देशात! मारणाऱ्याला असं जमलं असतं का, बघ.) ब्रिटिशांचा ‘कॅम्प ०२०’ जर्मन हेरांसाठी होता, तिथला प्रमुख रॉबिन स्टीफन्स स्वभावाने भयंकर, बोलण्यात जहरी, पण मारहाणीला त्याची सक्त मनाई. दयेपोटी नव्हे. मारल्यावर मिळणारं उत्तर खुश करण्यासाठी दिलेलं असतं, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

यात तुला ओळखीचं काही दिसतं का? सीताबर्डीत कुणाच्या दुकानात काय चाललंय हे काढायचं असेल तर आपण कुणाची गचांडी धरत नाही. पानठेल्यावर उभं राहतो, मुद्दाम थोडं चुकीचं बोलतो, आणि शेजारचा “नाही जी, तसं नाही” म्हणत सगळं सांगून टाकतो.

हे नेहमी जमतं असं मात्र समजू नकोस. कट्टर माणूस आठवडेच्या आठवडे काही सांगत नाही. लढाईच्या मैदानातली माहिती दोन दिवसांत शिळी होते, आणि तेवढ्यात ओळख जमवायला वेळच मिळत नाही. कधी कधी काहीच मिळत नाही आणि ते मान्य करावं लागतं. ‘मार’वाल्यांची बाजू नेमकी याच पोकळीत शिरते : काहीतरी केल्याचं समाधान तरी मिळतं.

‘बॉम्ब फुटायला एक तास उरलाय’ हे उदाहरण तुझ्या मित्रांनी दिलंच असेल. माझ्या नोकरीत असा तास मी पाहिला नाही. त्या उदाहरणात आपल्याला तीन गोष्टी खात्रीने ठाऊक असतात : बॉम्ब आहे, हाच तो माणूस आहे, आणि त्याला जागा माहीत आहे. एवढं ठाऊक असतं तर विचारायला उरतं काय? खऱ्या छावणीत नेमक्या याच तीन गोष्टी ठाऊक नसतात. आणि ज्याला फक्त एक तास काढायचा आहे, त्याला खोटा पत्ता देणं सगळ्यात सोपं.

आता अबू घ्रैब. छायाचित्रं एप्रिल २००४मध्ये जगासमोर आली. प्रत्यक्ष प्रकार २००३च्या हिवाळ्याच्या तोंडाचे. अमेरिकी लष्कराचे जनरल टगुबा यांचा चौकशी अहवाल मी तेव्हा बैठक मारून वाचला, कारण मला माझा नाला आठवत होता. त्यातून एक चित्र उभं राहतं. पहारा देणाऱ्या लष्करी पोलिसांना तुरुंगकामाचं धड प्रशिक्षण नव्हतं. माणसं अपुरी, दुसऱ्या एका चौकशीने पुढे हिशोब दिला तो एका पहारेकऱ्यामागे सुमारे ७५ कैद्यांचा. नोव्हेंबर २००३मध्ये तुरुंगाचा ताबा हेरखात्याच्या ब्रिगेडकडे दिला गेला. आणि त्याच सुमारास पहारेकऱ्यांकडून अपेक्षा ठेवली जाऊ लागली की त्यांनी कैद्यांना चौकशीसाठी ‘तयार’ करावं.

या एका शब्दात सगळा रोग आहे. पहारेकऱ्याचं काम मोजणं, खाऊ घालणं, सुरक्षित ठेवणं. चौकशी अधिकाऱ्याचं काम विचारणं. ही दोन कामं दोन माणसांकडे, दोन साखळ्यांत, दोन वह्यांत असली की एक दुसऱ्यावर नजर ठेवतो. कैदी चौकशीला गेला तेव्हा धडधाकट होता आणि परत आला तेव्हा लंगडत होता, हे पहारेकऱ्याच्या वहीत उमटतं. पहारेकरीच चौकशीचा हस्तक झाला की ती वही मुकी होते. अबू घ्रैबला काही कैदी तर नोंदीतच नव्हते. रेड क्रॉसचे लोक आले की त्यांना तुरुंगातच इकडून तिकडे हलवलं जाई. नोंद नाही म्हणजे माणूस नाही. तो मेला तरी गिनतीत कमी भरत नाही. आणि त्यातले किती जण खरोखर कामाचे होते? रेड क्रॉसच्या फेब्रुवारी २००४च्या अहवालात नमूद आहे की लष्करी हेरखात्याच्याच अधिकाऱ्यांच्या अंदाजाने इराकमध्ये पकडलेल्यांपैकी ७० ते ९० टक्के लोक चुकून पकडले गेले होते.

म्हणजे नासके शिपाई की हुकूम? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. ग्रेनर नावाच्या शिपायाला १० वर्षांची शिक्षा झाली, ती योग्यच. पण वॉशिंग्टनमध्ये २००२ सालीच अल-कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा करार लागू नाही असं ठरलं होतं, आणि ती हवा ग्वांतानामोच्या अमेरिकी कैदखान्यातून इराकपर्यंत पोचली. २००६मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने हमदान खटल्यात कलम ३ लागू असल्याचं सांगितलं. ‘असंच कर’ असा लेखी हुकूम कुणाच्या हातात पडावा लागत नाही. “आप चाय पियो” एवढं पुरतं.

ब्रिटिशांचं उदाहरण मला याहून अस्वस्थ करतं. १९७१मध्ये उत्तर आयर्लंडात त्यांनी काही कैद्यांवर पाच प्रकार वापरले : भिंतीला हात टेकवून तासन् तास उभं करणं, डोक्यावर पिशवी, सतत गोंगाट, झोप तोडणं आणि अन्नपाणी तोडणं. ओरड झाली आणि १९७२मध्ये पंतप्रधान हीथ यांनी संसदेत हे बंद केल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २००३मध्ये इराकमधल्या बसऱ्यात बहा मूसा नावाचा २६ वर्षांचा हॉटेल कर्मचारी ब्रिटिश फौजेच्या ताब्यात मेला. अंगावर ९३ जखमा, आणि डोक्यावर तीच पिशवी. पुढच्या चौकशीत निघालं की ती बंदी मधल्या तीस वर्षांत शिकवण्यातून आणि लेखी सूचनांतून गळून गेली होती. कुणी ती उठवली नव्हती, ती विसरली गेली. नागपूरच्या मे महिन्यात गोणपाट डोक्यावर घेऊन दहा मिनिटं उन्हात उभा राहा, मग बसऱ्याचा अंदाज येईल. नको, राहू नकोस. उगाच उष्माघात व्हायचा.

आपल्या घरचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. हे मला खटकतं आणि वर्गातही मी ते बोलायचो. न्यायालयाच्या दृष्टीने मात्र मारून घेतलेला कबुलीजबाब आपल्याकडे जुन्या काळापासून निरुपयोगी आहे. १८७२च्या पुरावा कायद्याची कलमं २४ आणि २५ काढून बघ. नव्या साक्ष्य अधिनियमातही तो गाभा कायम आहे. अटकेबाबतचे डी. के. बासू खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे १९९६चे निर्देश तुला पाठ असतीलच. त्यातले निम्मे निर्देश शेवटी कागदाचे आहेत : अटकेची वेळ लिहा, साक्षीदाराची सही घ्या, तपासणीत दिसलेल्या जखमा लिहा. ते पोलिसांसाठी असले तरी माझी छावणी मला त्यात दिसते.

“त्यांनी आपल्या कॅप्टन सौरभ कालियांचं काय केलं?” असं तुझा मित्र विचारेल. विचारू दे. १९९९मध्ये कारगिलला पाकिस्तानच्या हाती लागल्यावर त्यांचं पार्थिव ज्या अवस्थेत परत आलं, त्यावर मी थंडपणे बोलू शकत नाही. पण करारात ‘समोरचा पाळेल तर’ अशी अट नाही, आणि युद्धकैद्यांवर सूड उगवायला कलम १३चीच मनाई आहे. आणखी एक हिशोबही त्याला सांग. ऑगस्ट १९७२मध्ये पाकिस्तानच्या ताब्यातले आपल्या हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर आणि त्यांचे दोन सहकारी रावळपिंडीच्या छावणीतून निसटले आणि अफगाण सीमेजवळ लंडी कोटलला पुन्हा पकडले गेले. तेव्हा त्यांचे हजारो लोक आपल्याकडे होते आणि आपली माणसं त्यांच्याकडे. दोन्ही बाजूंच्या छावण्यांत काय चाललंय याची बातमी रेड क्रॉसमार्फत इकडून तिकडे जात होती. आमच्या बराकीतल्या प्रत्येक काठीचा हिशोब कुणा पारुळकरच्या खोलीत लागू शकला असता. त्या रात्री चहा पिताना मला हे सुचलं नव्हतं.

आता करारातली कलमं ५, १३, १७, ७० आणि १२६ वाच. इंग्रजी आहे, पण सोपं आहे. पुढे कधी ड्यूटी अफसर झालास आणि गिनती चुकली, तर आधी दवाखान्याची वही मागव.